नोकरीचा अर्ज करण्यापूर्वी : सीमाभागातील नव्या उमेदवारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकलेली मुले आयटीआय, पीयूसी (म्हणजे बारावी) किंवा पदवी पुरी करून नोकरीच्या शोधात निघतात, तेव्हा त्यांच्यापुढे चार वाटा असतात. उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील कारखाने ही पहिली वाट. बाची ओलांडून शिनोळी, किंवा निपाणीकरांसाठी कागल आणि गोकुळ शिरगाव, ही दुसरी. पुणे आणि गोवा ही तिसरी. आणि सरकारी, बँकेची किंवा लष्करातली नोकरी ही चौथी. प्रत्येक वाटेवर मागितले जाणारे कागद वेगळे, भाषेची अट वेगळी आणि उमेदवाराची पारख करण्याची रीतही वेगळी आहे. मी बरीच वर्षे उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात काढली, आणि त्याआधी चार वर्षे अर्ज घेऊन दारोदार फिरलो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा योग आला. आपल्याकडच्या उमेदवाराचे नुकसान दोन प्रकारे होते, असे मी पाहिले आहे. जिथे लेखी आणि रास्त अट असते तिथे तो तिला अन्याय समजून अर्जच करत नाही, आणि जिथे खरोखर अन्याय होतो तिथे तो त्याला नियम समजून गप्प बसतो. पुढील पायऱ्या हा फरक डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : जाहिरात पेन्सिल घेऊन वाचावी

जाहिरातीतल्या प्रत्येक अटीखाली रेघ ओढावी आणि ती कोणत्या नियमाने आली आहे ते पाहावे. संविधानाच्या कलम १६ (२) नुसार सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही. निवासाची अट घालायची असेल तर कलम १६ (३) प्रमाणे तो अधिकार संसदेचा आहे. या यादीत भाषेचा उल्लेख नाही, ही गोष्ट आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. राज्याच्या कामकाजाची भाषा उमेदवाराला यावी ही अपेक्षा त्यामुळे आपोआप बेकायदा ठरत नाही. कर्नाटक सरकारच्या अनेक भरती परीक्षांत १५० गुणांची सक्तीची कन्नड परीक्षा असते आणि तिच्यात किमान ५० गुण मिळवावे लागतात. हे गुण पात्रतेपुरते असतात, गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. म्हणजे कन्नड साहित्यात पारंगत होण्याची गरज नाही. दहावीच्या पातळीचे व्याकरण, एक पत्र, एक सारांशलेखन आणि थोडे भाषांतर नीट जमले, तर हा उंबरठा ओलांडता येतो.

याच भरतीत कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के आणि ग्रामीण उमेदवारांसाठी २५ टक्के जागा असतात. कन्नड माध्यमाच्या जागांवर आपला हक्क नाही, हे उघड आहे. ग्रामीण आरक्षणाचे मात्र तसे नाही. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल, तर ती शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून काही बिघडत नाही. तरी खानापूर तालुक्यातली कितीतरी मुले ‘हे सगळे कन्नडवाल्यांसाठी असते’ असे म्हणून तो रकाना रिकामा सोडतात. मुख्याध्यापकांनी दिलेला आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रतिस्वाक्षरी केलेला, ठरावीक नमुन्यातला दाखला त्यासाठी लागतो, आणि त्यावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसापूर्वीची असावी लागते. शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते, साहेब मीटिंगला गेलेले असतात; म्हणून जाहिरातीची वाट न पाहता हा दाखला आधीच काढून ठेवावा.

अर्जात ‘३७१ जे’ असा एक रकाना दिसतो. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेली ही तरतूद कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या बाजूच्या बीदर, कलबुर्गी, रायचूर वगैरे जिल्ह्यांसाठी आहे. बेळगाव मुंबई इलाख्यातून आलेले असल्यामुळे ती आपल्याला लागू नाही. तिथे ‘होय’ निवडून नंतर कागदपत्र तपासणीत बाद झालेली मुले मी पाहिली आहेत.

बँक आणि डाकखाते यांच्या बाबतीत आपली बाजू उलट भक्कम आहे. स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज केला त्या राज्याची भाषा यावी लागते, पण दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा विषय म्हणून असेल तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. आपल्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर प्रथम भाषा मराठी आणि तिच्या खाली कन्नड, अशा दोन्ही नोंदी असतात. पुण्याच्या मुलाकडे कन्नड नसते, धारवाडच्या मुलाकडे मराठी नसते. आपल्याकडे दोन्ही असतात. एका भरतीत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो, तेव्हा दोन्ही राज्यांतल्या जागा आणि मागच्या वेळचे कट-ऑफ पाहून मगच राज्य निवडावे. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीतही दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी लागते आणि निवड परीक्षेविना, दहावीच्या गुणांवर होते. तिथेही हेच कार्ड कामी येते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून मराठीतूनही देता येते, आणि रेल्वेच्या परीक्षांत मराठीचा पर्याय त्याआधीपासून आहे.

महाराष्ट्र शासनाच्या भरतीबद्दल गावोगावी गैरसमज आहेत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना त्या राज्याच्या भरतीत अर्ज करता येतो; त्यासाठी त्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला मागितला जातो. जाहिरातीत हा परिच्छेद बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक टाइपात असतो. आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे की नाही, हे ऐकीव माहितीवर न ठेवता प्रत्यक्ष पाहावे. जातीच्या दाखल्याचे गणित मात्र निराळे आहे. एका राज्यात मिळालेले आरक्षण दुसऱ्या राज्यात सहसा चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलेले आहे. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ‘३ ब’ प्रवर्गात येतो, म्हणून कोल्हापुरात गेल्यावरही तोच दाखला पुढे करून भागत नाही. केंद्राच्या मागासवर्गीयांची यादीही राज्याच्या यादीपेक्षा वेगळी असते.

दुसरी पायरी : नाव सगळीकडे एकच असावे

आपल्या भागातल्या कागदांचा खरा शत्रू लिपी आहे. नाव घरात मराठीत, दाखल्यावर कन्नडमध्ये आणि मार्क्स कार्डावर इंग्रजीत, असे तीनदा उतरवले जाते आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे सरकते. माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. शाळेत माझे नाव ‘परशराम’ असे लागले होते, आधारवर ते ‘परशुराम’ झाले, आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गळून फक्त आद्याक्षर राहिले. लेखी परीक्षा पास होऊन मी एका कार्यालयात तपासणीला गेलो, तेव्हा समोरच्या बाईंनी तिन्ही कागद ओळीने मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “यातला तू कोणता?” त्या चुकीच्या वागल्या असे मला आजही वाटत नाही. माझ्याकडे प्रतिज्ञापत्र नव्हते, दुरुस्तीला मिळालेल्या आठ दिवसांत ते सगळे जुळले नाही, आणि जागा पुढच्या उमेदवाराला गेली.

म्हणून एसएसएलसीचे मार्क्स कार्ड हा मूळ कागद धरावा आणि आधार, पॅन, बँकेचे पासबुक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावेत. फरक राहिलाच, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवावे. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारे दाखले बहुतेक कन्नडमध्ये असतात. पुण्याला किंवा गोव्याला जाणार असाल, तर इंग्रजीतला दाखला मागावा किंवा अधिकृत भाषांतर करून घ्यावे, आणि दाखल्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा नोंद क्रमांक) वहीत टिपून ठेवावा, कारण ऑनलाइन अर्जात तोच भरावा लागतो. शहराचे नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून इंग्रजीतही बदलले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरे स्पेलिंग दिसते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, फक्त नव्या अर्जात नवे स्पेलिंग लिहावे. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावेत, तपासून घेऊ द्यावेत आणि परत पिशवीत ठेवावेत.

तिसरी पायरी : बायोडाटा

एक पान पुरे. खासगी नोकरीच्या बायोडाटात जात, धर्म, वडिलांचा धंदा आणि लग्न झाले की नाही हे लिहिण्याची गरज नसते, आणि न विचारलेले आपण होऊन सांगू नये. भाषांच्या रकान्यात मात्र ‘मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी’ अशी माळ लावून सोडू नये. कन्नड बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, यातले जे खरे असेल तेवढेच वेगळे लिहावे. ‘बोलता येते, सावकाश वाचता येते’ असे लिहिणाऱ्या एका मुलीला आमच्या साहेबांनी निवडले होते. सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ लिहिणाऱ्या मुलापुढे त्यांनी गेटवरची सूचना ठेवली आणि त्याला पहिली ओळसुद्धा लागली नाही, तेव्हा त्याचे बाकीचे खरे गुणही संशयात गेले.

मधली वर्षे मोकळी गेली असतील तर ती झाकू नयेत. ‘दोन वर्षे घरची शेती पाहिली’ हे वाक्य आपल्या भागात कोणालाही नवे नाही. खोटे अनुभवपत्र जोडू नये. उद्यमबागेत टाइम ऑफिसवाले एकमेकांना ओळखतात आणि एका फोनवर खरे काय ते कळते. ओळखीने अर्ज पोहोचवणे आणि वशिला लावणे यांतही फरक आहे. ‘हा आमच्या गल्लीतला, कामाला बरा आहे’ असे कोणी सांगितले तर त्यात वावगे काही नाही. पण ज्याने जागा ‘करून देतो’ म्हटले आणि पैसे मागितले, त्याने आपल्याला आणि दुसऱ्या कोणाला तरी, दोघांनाही फसवलेले असते.

चौथी पायरी : हाताची आणि जिभेची तयारी

कारखान्यात मुलाखतीपेक्षा ट्रेड टेस्टवर जास्त ठरते. समोर एक गोल जॉब (मापायचा धातूचा तुकडा) आणि व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) ठेवतात आणि व्यास सांगायला लावतात. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर सरले आणि व्हर्नियरची सतरावी रेघ जुळली, तर ०.०२ च्या लीस्ट काउंटने, म्हणजे दर रेघेला ०.०२ मिलिमीटर धरून, माप २४.३४ मिलिमीटर येते. एवढे गणित बहुतेकांना येते. पण आमचे सुपरवायझर मापाकडे नंतर पाहत, आधी हाताकडे. मुलाने जॉब कॉटन वेस्टने पुसला का, जबडे मिटवून शून्य जुळते का ते पाहिले का, आणि माप घेताना जॉब तिरका तर धरला नाही ना, एवढ्यावर त्यांचे मत बनलेले असे. ज्यांना आयटीआयमध्ये रांगेतून एकदाच व्हर्नियर हातात मिळाला, त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आठ-दहा दिवस संध्याकाळी बसून सराव करावा; कोणी नाही म्हणत नाही.

आता जिभेविषयी. कन्नड लिपी अनोळखी दिसते, पण तिची रचना आपल्या बाराखडीसारखीच, क, ख, ग, घ याच क्रमाने आहे, आणि रोज अर्धा तास दिला तर दोन महिन्यांत पाट्या वाचता येऊ लागतात. कामाच्या जागेचे शब्द तर निम्मे ओळखीचेच निघतात : रजेला ‘रजे’, अर्जाला ‘अर्जी’, सहीला ‘सही’, हजेरीला ‘हाजरी’, पगाराला ‘वेतन’. ‘अपाय’ म्हणजे धोका आणि ‘एच्चरिके’ म्हणजे सावधान, हे दोन शब्द मात्र पहिल्या दिवशीच पाठ असावेत, कारण भट्टीजवळ ते भाषेच्या अभिमानाचे नव्हे तर हातापायांच्या सुरक्षिततेचे प्रश्न असतात. भाषेच्या राजकारणावर ज्याचे त्याचे मत असो. कन्नड वाचता येणाऱ्या मराठी मुलाचे मराठीपण कमी झालेले मी तरी पाहिले नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक मंजूर केले आणि लगेच थांबवले. त्यातली ‘स्थानिक’ ही व्याख्या पाहण्यासारखी होती : राज्यात जन्म, १५ वर्षांचे वास्तव्य, आणि कन्नड विषय असलेले शालान्त प्रमाणपत्र किंवा भाषा चाचणी. ज्याच्या मार्क्स कार्डावर कन्नड आहे तो सीमाभागातला मराठी मुलगा या व्याख्येत बसत होता.

पाचवी पायरी : मुलाखत

ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तराची सुरुवात करावी आणि अडल्यास ‘पुढचे हिंदीत सांगू का?’ असे विचारून पुढे जावे. बहुतेक जण आनंदाने होकार देतात.

काही प्रश्न मात्र कामाशी संबंधित नसतात. ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’, ‘मोर्चाला जाता का?’, ‘लग्न कधी करणार?’, ‘आडनाव हे, म्हणजे जात कोणती?’ असे प्रश्न आमच्या वेळीही विचारले जात आणि आजही विचारले जातात. खरे सांगायचे तर खासगी भरतीत अशा सर्व भेदभावांना एकत्र रोखणारा एकही व्यापक कायदा आपल्या देशात नाही. कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. स्त्री-पुरुष भेदाबद्दल मात्र संरक्षण जुने आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतही असा भेद करण्यास मनाई केली होती आणि ती तरतूद आता वेतन संहितेत आली आहे. लग्नाबद्दल विचारल्यास मुलींनी चिडूनही उत्तर देऊ नये आणि खासगी माहितीही पुरवू नये. ‘पाळीच्या वेळा मला मान्य आहेत, रात्रपाळी असेल तर येण्याजाण्याची सोय काय आहे ते सांगाल का?’ असे म्हटले, तर प्रश्न कामावर परत येतो. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती कोठे आहे हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

सहावी पायरी : पगाराचा आकडा उलगडून घ्यावा

जाहिरातीत ‘१९,००० पर्यंत’ असे लिहिलेले असते आणि पहिल्या महिन्यात हातात पंधरा पडतात, मग मुलगा फसवले म्हणून नोकरी सोडतो. एक हिशेब मांडून पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता १५,००० आणि इतर भत्ते २,००० असे मिळून १७,००० रुपये ठरले. त्यातून १२ टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि ०.७५ टक्क्यांनी ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) १२८ वजा झाले, की हातात १५,०७२ राहतात. मालक आपल्या बाजूचे निधीचे १,८०० आणि ३.२५ टक्क्यांनी ईएसआयचे ५५३ भरतो. ते मिळवून जाहिरातीतला आकडा १९,३५३ होतो. यात खोटे काही नाही, आणि ते पैसे आपलेच आहेत. पण रुजू होण्याआधी हातात नेमके किती येणार हे कागदावर लिहून मागावे.

नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हेही त्याच बैठकीत विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या कामगारालाही नेमणूकपत्र, पीएफचा, म्हणजे निर्वाह निधीचा, यूएएन क्रमांक आणि ईएसआयचा नंबर मिळाला पाहिजे. ‘तीन महिन्यांनी बघू’ हे उत्तर मान्य करू नये. रजिस्ट्रेशन फी, गणवेशाची अनामत, ट्रेनिंगचे पैसे अशा नावांनी आधी रक्कम मागणाऱ्याकडे जाऊ नये. मोबाइलवर आलेल्या नेमणूकपत्राच्या नादाने पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० वर फोन करावा.

सातवी पायरी : निवड झाली नाही तर

सरकारी भरती असेल, तर उत्तरतालिका जाहीर झाल्यावर हरकतीसाठी मिळणारे मोजके दिवस चुकवू नयेत. त्यानंतरही शंका उरली, तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून आपले गुण, आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ आणि आपण अपात्र ठरलो असल्यास त्याचे लेखी कारण मागता येते. उत्तर ३० दिवसांत यावे लागते. कर्नाटकच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, तेव्हा मनातली सगळी कैफियत त्यात ओतू नये. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची अंमलबजावणी पाहण्यासाठी कलम ३५० ब खाली स्वतंत्र अधिकारी असतो. तिथेही ‘मराठी म्हणून डावलले’ एवढे लिहून भागत नाही; जाहिरातीची प्रत, अर्जाची पावती आणि मिळालेले उत्तर जोडावे लागते.

खासगी कंपनीला आठवड्याभराने एकदाच नम्रपणे विचारावे की कशात कमी पडलो. दहातले आठ जण उत्तर देत नाहीत. उरलेल्या दोघांचे उत्तर वहीत त्या अर्जाच्या ओळीतच, तारखेसह टिपून ठेवावे. माझ्या वहीत असे एकच वाक्य आहे, मच्छेच्या एका वर्कशॉपच्या मालकाने सांगितलेले : “तुझे माप बरोबर होते, पण तू जॉब पुसला नाहीस.”